दातकोरणं

थर्मनमामा आधी गोळी दोऱ्यात ओवायचा.
शिशाची, पाव औंसाची, निमुळतं तोंड वरच्या अंगाला.
मग गळ. मग गाठ.
गाठीला थुंकी लावून ती सावकाश ओढायचा.
"कोरडी ओढलीस तर दोरा भाजतो," म्हणायचा,
"आणि भाजलाय हे कळतं मासा गेल्यावर."

मी नऊ वर्षांची. होडी पत्र्याची,
बुडाला डांबर फासलेली.
अलाबामातलं आमचं धरण बांधलं तेव्हा
झाडं तोडायलाही कुणी थांबलं नव्हतं.
ओक उभेच्या उभे बुडाले,
कुंपणाच्या तारा बुडाल्या,
आणि त्या सगळ्या अडगळीत
बास जाऊन राहिले, भाडं न भरता.

माझ्या पहिल्याच फेकीत
गोळी सरसर तळाला गेली
आणि रबरी गांडूळ वरच राहिलं,
एका फांदीवर, सुट्टी लागल्यासारखं लोंबत.
मामा हसला नाही.
सदऱ्याच्या खिशातून त्यानं दातकोरणं काढलं,
गोळीच्या भोकात, दोऱ्याच्या कुशीला, टोक सारलं,
अंगठ्यानं दाबलं,
कट्.
उरलेला तुकडा दाढेत धरून म्हणाला,
"आता दोघं एकत्र जातील. जातील तिथं."

झाडीत घट्ट, उघड्या पाण्यात सैल.
उघड्यावर माशाला वजनाचा पत्ता लागू द्यायचा नाही,
घेऊन जाऊ दे त्याला चार हात.
आणि झाडीतसुद्धा फार दाबायचं नाही,
दोऱ्याला ओरखडा पडतो.
लाकूड भिजलं की आपोआप फुगतं.
उरलेलं पाण्यावर सोडायचं.

दातकोरणी तो आणायचा हायवेवरच्या खानावळीतून.
रोज सकाळी सहाला,
दोन अंडी, मक्याच्या कण्या, काळी कॉफी,
आणि गल्ल्याजवळच्या पेल्यातून एक काडी.
एकच. दोन कधीच नाहीत.
आई चिडायची, "अख्खं खोकं डॉलरभराला मिळतं, थर्मन!"
मामा म्हणायचा, "हो का."

तेवीस वर्षं.
नंतर बाजारात रबरी बुचं आली, दोऱ्याला न कापणारी,
मी ती वापरायला लागले, त्यालाही दिली.
त्यानं नीट बघितली, छान आहेत म्हणाला,
आणि सकाळी सहाला खानावळीत गेला.

मार्चमध्ये तो वारला.
त्याची मासेमारीची पेटी मी उपसली तेव्हा
तळाशी, गंजलेल्या पकडीखाली,
दातकोरण्यांचं एक खोकं निघालं. साडेसातशे नग.
आईनंच कधीतरी दिलेलं असणार.
सील फोडलेलं नव्हतं.

ते घेऊन मी लर्लीनकडे गेले,
कारण गल्ल्यावर तेवीस वर्षं तीच उभी होती.
तिनं खोकं उलटसुलट केलं.
"ही चपटी," म्हणाली. "चपटी त्याला चालायची नाहीत, मोडतात.
मी गोल मागवायचे. मालक कटकट करायचा,
दोन सेंट जास्त पडतात म्हणून.
ते मी माझ्या टिपमधून भरायचे."
मग फडकं घेऊन
पुसलेलाच काउंटर पुसत राहिली.

रविवारी तिला होडीत घेतलं.
सत्तरीच्या घरातली बाई, जन्म या गावातला,
धरणावर कधी आली नव्हती.
"कुणी बोलावलं नाही," एवढंच.
बुडत्या ओकांपाशी मी इंजिन बंद केलं.
गोळी ओवली, गाठ ओली करून आवळली,
रबरी बूच शोधायला खिशात हात घातला
तोवर तिनं पर्समधून काडी काढली होती.
गोल.

कशी घालायची ते मी सांगितलं नाही.
तिनं सारली, दाबली, मोडली,
आणि उरलेला तुकडा
दाढेत धरला.

गोळी खाली गेली. गांडूळही गेलं.
दोऱ्यातून बोटाला लागलं आधी खोड,
मग काहीतरी मऊ, मग वाळू.
"लागलं का तळाला?" तिनं विचारलं.
"लागलं."
"मग आता?"
"आता थांबायचं."
"ते येतं मला," लर्लीन म्हणाली.